इटलीची तालीम

मशीनला करंट द्यायच्या आधी एक पूर्ण फेरा हाताने फिरवून बघायचा, हा हिलाल फिटरचा नियम होता. कुठे घासतं, कुठे अडतं, ते हाताला आधी कळतं. मोटारीला कळत नाही, ती मोडून मोकळी होते. सुरतेत पांडेसऱ्याला कापड छापायच्या मिलमध्ये या नियमामुळे त्याला मान होता. १९७४ च्या उन्हाळ्यात त्याने हाच नियम घरच्यांना लावला आणि चाळीत त्याचं नाव 'इटलीवाला' पडलं ते पडलंच.

त्याचं असं झालं. मिलमध्ये छपाईचं नवं मशीन आलं, थेट इटलीहून. मागोमाग ते उभं करायला रेंजो नावाचा एक कारागीर आला. उंच, उन्हाने लाल झालेल्या मानेचा. त्याला इंग्रजी हिलालइतकंच येत होतं, म्हणजे यस आणि नो. त्यामुळे दोघांचं चांगलं जमलं. पाना पुढे केला की बोलणं झालं. दिवाळीनंतर आलेला रेंजो होळीपर्यंत राहिला आणि तेवढ्यात तीनदा हिलालच्या घरी जेवला. बायकोच्या, मालतीबाईच्या हातची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाऊन तो डोळे पुसायचा आणि ताट पुन्हा पुढे करायचा.

जाताना त्याने हिलालला एक कॅलेंडर दिलं. महिन्याला एक शहर, रंगीत. मग छातीवर हात ठेवून बरंच काही बोलला. मिलच्या तरुण इंजिनिअरने त्याचं गुजराती केलं, "कहे छे, उनाळामां बैरां-छोकरां लईने इटली आवजो. घर तमारुं ज छे."

उन्हाळ्यात बायकापोरांना घेऊन या, घर तुमचंच आहे. दुसरा कोणी असता तर हसून मान हलवून कामाला लागला असता. पण हिलाल खानदेशातला. तिकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबाळींना आणि सोयऱ्यांना बोलावणं जातं, आणि बोलावलेला आला नाही तर लोक वर्षभर तोंड फिरवून बसतात. आपल्या घरी जेवलेल्या माणसाने बोलावलं आणि आपण गेलो नाही, म्हणजे त्याच्या चुलीला नाव ठेवल्यासारखं. हिलालने रेंजोचा हात दोन्ही हातांत धरला आणि येतो म्हणून सांगितलं.

"इटलीले जानं शे," त्याने त्या दिवशी जेवायला बसल्यावर जाहीर केलं. "चौघांनी. उन्हाळाम्हा."

मालतीबाईने तव्यावरची नजर काढली नाही. "एवढं बोलावनं शे, तर मुराळी कथा शे?" मुराळी कुठे आहे, असं ती विचारत होती. मुराळी म्हणजे सासरी असलेल्या लेकीला सणाला घ्यायला येणारा माहेरचा माणूस.

"कॅलेंडर दिलं ना त्यानी."

"मंग कॅलेंडरवर बसीसन जाऊत."

उषा हसली. ती नववीत होती, आणि रेंजोकडून तिने इटालियनमध्ये दहापर्यंत आकडे शिकून घेतले होते. थोरला सुकदेव मात्र हसला नाही. तो सतरा वर्षांचा. बाहेर मित्रांमध्ये पक्का सुरती गुजराती बोलायचा आणि घरात फक्त "हं" म्हणायचा. त्या दिवशीही "हं" म्हणाला आणि पाणी पिऊन उठला.

खरी गोष्ट त्या "हं"चीच होती. सुकदेव मॅट्रिकची परीक्षा देऊन बसला होता, आणि एक जूनपासून त्याला उधन्याच्या एका लूम कारखान्यात लागायचं होतं. त्याची रात्रपाळी, बापाची दिवसपाळी. पांडेसऱ्याला सुट्टी सोमवारी, तिकडे शुक्रवारी. घरात धड खाट एकच. रात्री तिच्यावर बाप झोपणार, दिवसा पोरगा. म्हणजे एका घरात राहून दोघांची भेट खाटेच्या उबेपुरती. चाळीत अशी घरं हिलालने पाहिली होती. बापाचा आवाज बसला आहे की मुळातच तसा आहे, हे पोराला सांगता यायचं नाही. त्याआधी एक उन्हाळा चौघांनी मिळून कुठेतरी जावं, एवढंच त्याच्या मनात होतं. गावी आखाजीला चल म्हटलं तर सुकदेवने आधीच सांगून टाकलं होतं, तिथं सगळे लग्नाचं विचारतात, मी येणार नाही.

मनातलं सरळ सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पण ती हिलालच्या तोंडून निघेनात, आणि इटली मात्र सहज निघाली. दाराची कडी काढायची सोडून भिंत फोडणाऱ्या माणसासारखी आपली गत आहे, हे त्यालाही कळत होतं. पण पहिली वीट निघाली होती, आणि हातात घेतलेलं काम टाकायची त्याला सवय नव्हती.

मग तयारी. रेंजोने इंजिनिअरकरवी सांगितलं होतं की तिकडची शहरं पायी बघायची, रस्ते दगडी, आणि सामान वाहायला हमाल मिळत नाही. हिलालने विचार केला. डोक्यावर ओझं घेऊन शहर बघणारा माणूस फक्त स्वतःचे पाय बघतो. म्हणून त्याने लग्नातली पत्र्याची पेटी काढली, तिला खालून लोखंडी पट्ट्या मारल्या आणि मिलच्या भंगारातली चार जुनी बेअरिंगं मागून आणून चाकं म्हणून बसवली. पुढे दोर बांधला. मग पेटीत विटा भरल्या.

"विटा कशाला, आबा?" उषाने विचारलं.

"रिकामी पेटी ओढणं म्हणजे तालीम नव्हे. ती लबाडी."

"पण इटलीला आपण विटा नेणार आहोत का?"

हिलालने एक वीट कमी केली.

येत्या चार सोमवारी चार शहरांचा हातफेरा करायचा, असं ठरलं. पहिला सोमवार फ्लॉरेन्सचा. कॅलेंडरावर त्या महिन्यात अरुंद गल्ल्या आणि उंच घरं होती. तशी घरं सुरतेत गोपीपुऱ्यात होती. सकाळीच चौघं निघाले. लोखंडी बेअरिंगं डांबरावर जो आवाज करतात तो हिलालने हिशेबात धरला नव्हता. पेटी चाळीबाहेर पडली तेव्हा रात्रपाळीचे सगळे कामगार झोपेतून उठून दारात आले होते.

कोपऱ्यावर भिकनची चहाची लारी, म्हणजे हातगाडी, होती. भिकन गावाकडचा, तोंडाने तिखट. "हिलालभाऊ, रेल्वेसारखा आवाज करत घर घेऊनच निघालात का?"

"इटलीची तालीम आहे."

"असं. मग परत येताना माझ्यासाठी एखादा डोंगर आणा. लारीला सावली नाही."

मालतीबाईने पदर डोळ्यांपर्यंत ओढला. सुकदेव रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने चालू लागला, जणू त्याला दुसरीकडेच जायचं होतं. गोपीपुऱ्याच्या तोंडाशी त्याचा एक दोस्त सायकलवरून आला. पेटी, विटा, दोर ओढणारा माणूस, मागे बाई आणि मुलगी, असा सगळा लवाजमा त्याने पाहिला. "कोण छे आ लोको?" त्याने सुकदेवला विचारलं. कोण आहेत हे लोक?

"खबर नथी," सुकदेव म्हणाला. माहीत नाही.

हिलालने ते ऐकलं. त्याने दोर डाव्या हातातून उजव्या हातात घेतला आणि फ्लॉरेन्स पुरं केलं. गल्ल्या सगळ्या पाहिल्या. संध्याकाळी त्याच्या तळहाताला फोड आले होते. वीस वर्षं पाना धरणाऱ्या हाताला दोराने फोड यावेत याची त्याला लाज वाटली, म्हणून त्याने ते कोणाला दाखवले नाहीत. मालतीबाईने न विचारता तिथे हळद-तेल लावलं.

"पोऱ्या काय बोलना ते आयकं मी," ती म्हणाली.

"मीबी."

"मंग आते?"

"आते व्हेनिस," हिलाल म्हणाला.

व्हेनिसला रस्ते पाण्याचे. सुरतेत त्यासाठी तापी होती. पलीकडे रांदेर, मधे नाव. हिलालने नावाड्याशी आदल्या दिवशीच बोलून ठेवलं, ओवाऱ्याच्या, म्हणजे घाटाच्या, पायऱ्या उतरून पेटी कशी चढवायची ते बघून घेतलं, नावेच्या फळीची रुंदीही वितीने मोजली. एक गोष्ट तेवढी राहिली. सुरतेची तापी समुद्राचं ऐकते. भरतीला फुगते, ओहोटीला काठाचा चिखल उघडा टाकून निघून जाते. नावाड्याला वाटलं, एवढं मोजणाऱ्या माणसाला हे माहीत असणारच. वीस वर्षं सुरतेत काढलेल्या हिलालला ते माहीतही होतं. पण तो फळी मोजत होता.

जाताना पाणी भरपूर होतं. उषाने हात पाण्यात सोडून इटालियन आकडे म्हटले. येताना नाव काठापासून बरीच लांब असतानाच चिखलात रुतली आणि थांबली.

"हवे?" मालतीबाईने नावाड्याला विचारलं. आता काय?

"हवे बेसो, बेन. पाणी आवशे त्यारे जाशुं."

पाणी येईपर्यंत बसा. म्हणजे रात्र. दुसऱ्या दिवशी हिलालची सातची पाळी होती, आणि बसून राहणं त्याला कधी जमलंच नव्हतं. तो उतरला. मांडीपर्यंत गेला. पेटी डोक्यावर घेतली, विटांसकट, आणि काठाकडे निघाला. चिखलातून पाय काढायला बळ लागतं, टाकायला लागत नाही. त्यामुळे माणूस पुढे कलत जातो. चार पावलांत तो इतका कलला की पुढचं पाऊल टाकायला पाय शिल्लकच नव्हता. हिलाल तोंडावर पडला. पण दोन्ही हात वर होते आणि हातांत पेटी होती. तिला चिखलाचा एक शिंतोडा लागला नाही. खाली माणूस दिसत नव्हता आणि वर पेटी उभी होती.

नावेत कोणीतरी हसलं. आधी दबून, मग मोठ्याने, मग अगदी पोट धरून. हिलालने चिखलातून तोंड वर काढलं. सुकदेव हसत होता. त्याला हसताना पाहून किती महिने झाले होते हे बापाला आठवेना.

"पेटी धर ना, बेकूफ," मालतीबाई पोराला म्हणाली.

सुकदेव उतरला, हसतच. त्याने पेटी घेतली आणि म्हणाला, "आबा, व्हेनिसमध्ये लोक नावेतून जातात ना? तुम्ही खालून का चालला होता?"

गेल्या वर्षभरातलं त्याचं बापाशी हे सगळ्यात लांब बोलणं होतं. हिलालच्या कानात चिखल होता, तरी ते नीट ऐकू आलं.

त्या गुरुवारी हिलाल मिलच्या ऑफिसात गेला. परदेशी जायचे कागद कसे करतात, ते मेहताजींना माहीत असेल असं त्याला वाटलं. मेहताजी म्हातारे, सज्जन गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

"हिलालभाई," ते म्हणाले, "चौघांना तिकडे न्यायचं तर शेठना मशीन विकावं लागेल. आणि तो माणूस बोलला ते, आपण कोणालाही म्हणतो ना, या कधी घरी, तसं."

"आमच्याकडे तसं म्हणत नाहीत, मेहताजी. म्हटलं की जावं लागतं."

"मग तुमच्याकडे फार जपून बोलत असतील लोक," मेहताजी म्हणाले.

घरी जाताना हिलालने मनाशी वाक्य जुळवलं. इटली रद्द. सोपं होतं, दोनच शब्द. भिकनच्या लारीवरून तो मान खाली घालून गेला. घराशी आला तर उंबऱ्यात सुकदेव बसलेला. पुढ्यात पेटी उलटी. त्याने चारही बेअरिंगं काढली होती, रॉकेलने धुतली होती, आणि आता प्रत्येकात बोटाने ग्रीस भरत होता. कोणी सांगितलं नव्हतं.

"वाळू गेली होती आत," तो म्हणाला. "पुढच्या सोमवारी कुठं?"

हिलालने त्या ग्रीसच्या बोटाकडे पाहिलं. बरोबर भरत होता. जास्त नाही, कमी नाही.

"रोम," हिलाल म्हणाला.

रोमला मोठाले जुने घुमट. ते कतारगाम दरवाजाजवळ होते. शेकडो वर्षांपूर्वी व्यापाराला आलेल्या आणि इथेच मेलेल्या इंग्रजांच्या आणि डच लोकांच्या कबरी, एकेक देवळाएवढी. या वेळी पेटी सुकदेवने ओढली. ग्रीसमुळे आवाज निम्मा झाला होता. वाटेत तोच सायकलवाला दोस्त पुन्हा भेटला. हिलालने उगाच चपलेचा अंगठा तपासायला घेतला, म्हणजे पोराला मोकळीक. सुकदेव थांबला नाही की रस्ता बदलला नाही. "पेटी ओढून बघ, किती हलकी जाते," असं गुजरातीत म्हणून त्याने दोर दोस्ताच्या हातात दिला. दोस्ताने ती दरवाजापर्यंत ओढली.

आत रखवालदाराने चौघांना आणि पेटीला निरखून विचारलं, "कोण लागे छे तमारा?" इथे पुरलेला तुमचा कोण लागतो?

"अजून कोणी नाही," मालतीबाई म्हणाली. "तालीम चालू शे."

दुपारी सगळे एका घुमटाच्या सावलीत बसले. दुसऱ्याच्या मसणात जेवायचं नसतं म्हणून मालतीबाईने डबा सोडला नाही. भूक असह्य झाली तेव्हा बाहेर येऊन भिंतीला टेकून भाकरी खाल्ली. रोममध्ये एवढंच. पण सुकदेव परत येताना बापाच्या बाजूने चालला. लूमवर किती मशीनं एका माणसाकडे देतात, मुकादम कसा असतो, पहिल्या महिन्यात झोप येते का, असं एकेक विचारत. हिलालने सगळ्याची उत्तरं दिली. आणि रात्रभर स्वतःला शिव्या दिल्या, की जे सांगायचं ते सोडून हा माणूस मुकादमाबद्दल बोलत बसला.

चौथा सोमवार नेपल्सचा. नेपल्सला समुद्र, म्हणून डुमस. बसने गेले. पेटी कंडक्टरने टपावर टाकायला लावली. डुमसची वाळू काळी. त्या वाळूत बेअरिंगाची चाकं एक हातभरही जाईनात. हिलालने ओढलं, सुकदेवने ढकललं. पेटी जागेवर रुतून बसली. शेवटी चौघं तिच्यावरच बसले.

समुद्र लांब गेला होता. हिलालने घसा साफ केला.

"इटलीचं जमणार नाही," तो म्हणाला. "मेहताजींनी सांगितलं. व्हेनिसनंतर."

सुकदेव म्हणाला, "मला होळीलाच माहीत होतं. दोस्ताचा काका बोटीवर असतो. त्याला विचारलं होतं."

"मग आलास कशाला?"

"पेटीला चाकं लावलीत तुम्ही. नाही म्हटलं असतं तर त्या चाकांचं काय केलं असतं?"

"माले तर पहिला दिवशेच माहीत व्हतं," मालतीबाई म्हणाली. "मुराळी नही, तवयच समजनी मी."

तिघं हसायला लागले. उषा उठून उभी राहिली. तिचं तोंड लाल झालं होतं. "मला कोणीच सांगितलं नाही. मी शाळेत सगळ्यांना सांगितलं. बाईंनासुद्धा." तिने वाकून मूठभर काळी वाळू उचलली आणि तिघांवर फेकली. आधी आबांवर.

हिलालने ती झटकली नाही. एवढी तालीम केली, तपासून तपासून केली, आणि या चाकाकडे बघायचंच राहिलं. ते घासत होतं आणि हाताला कळलं नाही. "चुकलं माझं, बाई," तो म्हणाला.

"आकडे शिकले ते काय करू आता?"

"चुलीवरच्या भाकरी मोज," सुकदेव म्हणाला. तिने त्याच्यावर आणखी एक मूठ टाकली. पण पेटीवर परत येऊन बसली, बापाला पाठ लावून.

मग हिलाल बोलला. समुद्राकडे बघत. "एक तारखेपासून तुझी रात्रपाळी. माझी दिवसाची. सुट्ट्या वेगळ्या. म्हणून म्हटलं, कुठंतरी जाऊ." दोन वाक्यांची चार झाली. पण निघाली.

सुकदेवने पायाने वाळू उकरली. "हं," तो म्हणाला. पण हा "हं" वेगळा होता. हिलाल फिटर होता, आवाजावरून त्याला कळायचं.

विटा त्यांनी डुमसलाच टाकल्या.

जून लागला. ठरल्याप्रमाणे झालं. सकाळी खाट सुटायची तेव्हा पोरगा अजून रस्त्यात असायचा, संध्याकाळी बाप यायचा तेव्हा पोरगा निघालेला असायचा. फरक एवढाच की सुकदेव घरून थोडा लवकर निघायचा आणि हिलाल मिलमधून भराभर चालत यायचा, आणि दोघं भिकनच्या लारीवर एक अडधी, म्हणजे अर्धा कप चहा, वाटून प्यायचे. तेवढाच वेळ. त्यातलं निम्मं बोलणं भिकनच करायचा.

"आज कुठलं शहर, इटलीवाले?"

"पांडेसरा," हिलाल म्हणायचा.

पण रेंजोचं बोलावणं त्याच्या मनात सलत होतं. माणूस तिकडे वाट बघत असेल. बायकोला सांगून बसला असेल. त्याची चूल आपण नाकारली.

दिवाळीत मशीनचा एक रोलर बिघडला आणि रेंजो आला. हिलाल दोन दिवस त्याच्या नजरेला नजर देईना. तिसऱ्या दिवशी त्याने इंजिनिअरला मधे उभं केलं आणि माफी मागितली. येतो म्हणालो आणि आलो नाही.

रेंजोने दोनदा भाषांतर करून घेतलं. मग पान्यासकट हात हवेत उडवून तो बराच वेळ बोलला. इंजिनिअरने सांगितलं ते असं. रेंजो राहतो खेड्यात. रोम त्याने अजून पाहिलेलं नाही. व्हेनिसला एकदा एका लग्नाला गेला होता, तेव्हा दिवसभर पाऊस होता. उन्हाळ्याची सुट्टी मिळाली की बायको त्याला माहेरी नेते आणि सासू त्याच्याकडून टोमॅटोचा रस काढून बाटल्यांत भरून घेते. दरवर्षी. आणि ते कॅलेंडर बेअरिंगच्या दुकानात फुकट मिळतं.

"तो विचारतो," इंजिनिअर म्हणाला, "तुम्ही पाहिलं आहे का रोम?"

"सांगा त्याला, पाहिलं," हिलाल म्हणाला. "कतारगामला."

इंजिनिअरने याचं भाषांतर केलं नाही.

संध्याकाळी हिलाल जवळजवळ पळतच कोपऱ्यावर आला. सुकदेव डबा घेऊन उभा होता, चहा निम्मा पिऊन झालेला. हिलालने सगळं सांगितलं. खेडं, पाऊस, सासू, टोमॅटो, बेअरिंगचं दुकान. सुकदेव आधी नुसता बघत राहिला. मग त्याच्या नाकातून चहा आला. तो लारीला धरून हसला, डबा खाली ठेवून हसला, आणि हिलालही हसला. भिकन विचारत राहिला, काय झालं, अरे काय झालं, पण दोघांपैकी एकालाही सांगता येईना.

उधन्याकडून पाळीचा भोंगा झाला.

"जा," हिलाल म्हणाला. "मुकादम ओरडेल."

"ओरडू दे," सुकदेव म्हणाला. "आधी तो टोमॅटोचा भाग पुन्हा सांगा."